पैलवानाच्या पोटऱ्या

आमच्या तिसगावच्या पंचक्रोशीत अंगातल्या ताकदीला फार मान. तिसगाव म्हणजे पाथर्डी तालुक्यातलं, नगर-पाथर्डी रस्त्यावरचं गाव. (जिल्ह्याचं नाव २०२४ पासून अहिल्यानगर झालं आहे, पण आमच्या तोंडात अजून 'नगर'च बसलंय.) जवळच मढी. रंगपंचमीच्या सुमारास तिथे कानिफनाथांची यात्रा भरते आणि तिच्यात गाढवांचा मोठा बाजार. गिऱ्हाईक जनावराचे दात बघतं, पाठ बघतं, पाय बघतं, मगच भाव करतं. गावोगावच्या जत्रांत कुस्त्यांचा हगामा असतो. तिथेही पोरगा आखाड्यात उतरला की आधी मांड्या-पोटऱ्यांकडे नजर जाते. दिवाळीच्या आगेमागे तालुक्यातली कितीतरी बिऱ्हाडं ऊसतोडीला निघतात. तिथे 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि उचल मिळते ती त्या जोडीच्या बळावर. बाकी काही नसलं तरी चालेल, शरीर धड पाहिजे.

अशा गावात एखाद्या चार वर्षांच्या पोराच्या पोटऱ्या भरदार दिसल्या तर लोक काय म्हणणार? "पैलवान होणार बरं का हा!"

माझ्या मावसभावाला हेच म्हणायचे. त्याचा जन्म १९७४ चा. आई आणि मावशी दोघी बहिणी एकाच गावात दिलेल्या, त्यामुळे आम्ही एकाच अंगणात वाढलो म्हणा ना. तो चालायला जरा उशिरा लागला. पळताना पडायचा. जमिनीवरून उठताना आधी दोन्ही हात टेकायचा, मग हात गुडघ्यांवर, मग मांड्यांवर, असा स्वतःच्याच अंगावर चढत उभा राहायचा. आम्हा पोरांना ती गंमत वाटायची. सातव्या-आठव्या वर्षी जिना चढेना, तेव्हा त्याला पुण्याला नेलं. रक्त तपासलं, पायाचा तुकडा तपासला. डॉक्टरांनी एक इंग्रजी नाव सांगितलं आणि जाता जाता एक वाक्य सांगितलं, "हा आजार आईकडून येतो."

नाव कुणाच्या लक्षात राहिलं नाही. वाक्य मात्र गावभर झालं.

दहाव्या-अकराव्या वर्षी त्याचं चालणं थांबलं. मावशी त्याला कडेवर घेऊन शाळेच्या ओट्यापर्यंत सोडायची, पुढे पुढे तेही झेपेना. १९९१ साली तो गेला. हुशार होता, पाढे तीसपर्यंत घडाघडा म्हणायचा. त्या सगळ्या वर्षांत मावशीनं नवसही फेडले आणि टोमणेही ऐकले. तिच्या पायगुणापासून तिच्या दुधापर्यंत सगळं काढून झालं. ती २००४ मध्ये गेली, तोवर ते वाक्य तिच्या पाठीला चिकटलेलं होतं.

मी पुढे बरीच वर्षं ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं. स्नायूंचा धडा दरवर्षी यायचा. ॲक्टिन, मायोसिन, आकृती, गुण. पण त्या धड्यातला ॲक्टिन नावाचा बारीक दोर आणि तो दोर धरून ठेवणारी प्रथिनं यांचा इतिहास वाचायला लागले, तेव्हा लक्षात आलं की मावशीवर लागलेल्या त्या वाक्याचा उलगडा इथे आहे. हा इतिहास आपल्या घरातल्यांसाठी एकदा नीट लिहून ठेवावा असं फार दिवस मनात होतं. मंडळी, थोडं शास्त्र येईल. पण कंटाळू नका, सोपं करून सांगते.

*

आजाराची गोष्ट आधी. लंडनमध्ये एडवर्ड मेरियन नावाचे डॉक्टर होते. त्यांनी १८५१ मध्ये तिथल्या वैद्यकीय सभेत काही मुलांची हकीकत मांडली, ती १८५२ मध्ये छापून आली. एकाच घरातली भावंडं, फक्त मुलगे, आणि सगळ्यांचं बळ हळूहळू ओसरत गेलेलं. मेलेल्या मुलाचा मज्जारज्जू त्यांनी तपासला, तो धड निघाला. मग स्नायू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. स्नायूच्या धाग्याभोवती जे पातळ वेष्टण असतं ते फाटून नष्ट झालेलं दिसलं. म्हणजे रोग मज्जेचा नाही, स्नायूचा आहे, आणि त्यातही वेष्टणाचा, असं त्यांचं निरीक्षण. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पण नाव राहिलं ते फ्रान्सच्या द्युशेन यांचं. त्यांनी १८६८ मध्ये अशा तेरा रुग्णांचा तपशीलवार अभ्यास छापला. जिवंत माणसाच्या स्नायूचा इवलासा तुकडा काढायची एक सुई त्यांनी तयार केली होती. फुगलेल्या पोटऱ्यांत त्यांना स्नायू कमी आणि चरबी व तंतूच जास्त सापडले. पोटऱ्या मोठ्या दिसतात, त्या बळानं नाही. आतला स्नायू मरून त्याची जागा चरबीनं घेतलेली असते. आमच्या गावानं ज्याला पैलवानी म्हटलं ते हे होतं.

लंडनच्याच विल्यम गॉवर्स यांनी १८७९ मध्ये या आजारावर पुस्तक लिहिलं. स्वतःच्या मांड्यांवर हात ठेवत चढत उठण्याची ती पद्धत त्यांनी वर्णन केली. आजही डॉक्टर तिला 'गॉवर्सची खूण' म्हणतात. आजार आईच्या बाजूनं येतो हेही तेव्हाच ठळक झालं होतं. म्हणजे पुण्यातल्या डॉक्टरांनी सांगितलेलं वाक्य शंभर वर्षं जुनं होतं. का आणि कसा येतो, हे मात्र त्या शंभर वर्षांत कुणालाच सांगता आलं नव्हतं. ते कळायला स्नायूच्या आत काय आहे हे आधी कळायला हवं होतं, आणि ती गोष्ट वेगळीकडेच घडत होती.

*

जर्मनीच्या व्हिल्हेल्म क्यूने यांनी बेडकाचे स्नायू गोठवून, दाबून त्यांतून एक प्रथिन काढलं. १८६४ मध्ये त्यांनी त्याला 'मायोसिन' हे नाव दिलं. पुढची पाऊणशे वर्षं लोक समजत राहिले की स्नायू आखडतो तो या एका मायोसिनमुळेच.

मग आलं दुसरं महायुद्ध. हंगेरीतल्या सेगेद या गावी आल्बर्ट सेंट-ड्यॉर्डी यांची प्रयोगशाळा होती. व्हिटॅमिन 'सी'वरच्या कामासाठी १९३७ चं नोबेल मिळालेले हेच ते गृहस्थ. सेगेदच्या प्रसिद्ध लाल मिरच्यांतून, पाप्रिकातून, त्यांनी हे जीवनसत्त्व किलो-किलोनं काढलं होतं. (मिरचीवाल्या गावाचा माणूस म्हणून मला ते उगाचच जवळचे वाटतात.) युद्धामुळे बाहेरच्या जगाशी संबंध तुटलेला. तेवढ्यात त्यांच्या सहकारी इलोना बांगा यांना एक गंमत दिसली. सशाचा स्नायू वाटून खारट पाण्यात वीस मिनिटं ठेवला तर निघणारं मायोसिन पातळ असतं. तोच लगदा रात्रभर ठेवला तर सकाळी दाट, चिकट काहीतरी मिळतं. त्या दाट द्रवाचे धागे ओढून त्यांवर स्नायूचा उकळलेला रस टाकला, तर धागे आकसायचे! त्या रसात एटीपी हे ऊर्जेचं रसायन होतं. जिवंत प्राण्याबाहेर, काचेच्या भांड्यात स्नायूची हालचाल. हा क्षण आयुष्यातला सगळ्यात थरारक, असं सेंट-ड्यॉर्डी पुढे म्हणत.

दाट द्रवात जास्तीचं काय होतं ते शोधलं तरुण ब्रुनो स्ट्राउब यांनी, १९४२ मध्ये. त्यांनी दुसरं प्रथिन वेगळं काढलं आणि त्याला नाव मिळालं 'ॲक्टिन'. स्नायूची ॲसिटोननं सुकवलेली भुकटी करून ॲक्टिन काढायची त्यांची पद्धत प्रयोगशाळांमध्ये अजूनही चालते. इकडे सेंट-ड्यॉर्डी १९४३ मध्ये व्याख्यानाच्या निमित्तानं इस्तंबूलला जाऊन दोस्त राष्ट्रांशी गुप्तपणे बोलून आले. ते फुटलं आणि नाझी त्यांच्या मागे लागले. युद्ध संपेपर्यंत त्यांना लपून राहावं लागलं. युद्धानंतर ते अमेरिकेला गेले. स्ट्राउब हंगेरीतच राहिले आणि उतारवयात, १९८८-८९ मध्ये, त्या देशाचे राष्ट्रप्रमुखही झाले. असो.

१९५४ च्या मे महिन्यात 'नेचर'च्या एकाच अंकात दोन लेख शेजारी-शेजारी आले. एक ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा, दुसरा अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ निडरगेर्के यांचा. दोन्ही हक्सलींचं एकमेकांशी नातं नाही. दोघांचं म्हणणं एकच होतं. स्नायूत जाड आणि बारीक असे दोन प्रकारचे तंतू असतात. आखडताना तंतू आखूड होत नाहीत, ते एकमेकांवरून सरकतात. जाड तंतू मायोसिनचे, बारीक ॲक्टिनचे. रस्सीखेचीत गडी हातावर हात टाकत दोर ओढतात, तसं मायोसिन ॲक्टिनचा दोर ओढतं. शाळेच्या पुस्तकात जी आकृती असते ती इथून आली.

आता या गोष्टीतले माझे आवडते गृहस्थ, टोकियोचे सेत्सुरो एबाशी. स्नायूला 'चालू हो, बंद हो' हे कोण सांगतं, हा त्यांचा प्रश्न होता. १९६० च्या दशकात त्यांनी ट्रोपोनिन शोधलं. ॲक्टिनच्या दोरावर ट्रोपोमायोसिन नावाचं आणखी एक प्रथिन पसरलेलं असतं (ते केनेथ बेली यांना १९४६ मध्ये सापडलं होतं) आणि त्यावर ठरावीक अंतरानं ट्रोपोनिन बसलेलं असतं. कॅल्शियम आलं की ट्रोपोनिन हलतं, वाट मोकळी होते, मायोसिन दोर पकडतं. म्हणजे दोर आणि ओढणारा एवढ्यानं भागत नाही, दोरावर पहारेकरीही लागतात.

याच एबाशींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याआधी, १९५९ मध्ये, आणखी एक गोष्ट दाखवली होती. स्नायू झिजण्याचा हा आजार असलेल्यांच्या रक्तात 'सीपीके' हे स्नायूतलं द्रव्य भरमसाट वाढलेलं असतं. माझ्या मावसभावाचं पुण्यात जे रक्त तपासलं, ते हेच. स्नायूच्या आतली वस्तू रक्तात सापडते, म्हणजे स्नायूच्या वेष्टणातून काहीतरी गळतंय. मेरियननी शंभर वर्षांपूर्वी सूक्ष्मदर्शकातून जे पाहिलं, त्याचाच हा दुसरा पुरावा.

*

यानंतर गोष्टीला वेगळंच वळण मिळालं. ॲक्टिन स्नायूतच असतं अशी समजूत होती. जपानमध्ये नागोयाला हातानो आणि ओसावा यांनी १९६६ मध्ये ते चक्क एका बुळबुळीत बुरशीसारख्या जिवात, फायसारममध्ये, शोधून काढलं. त्याला ना हात ना पाय ना स्नायू, तरी ॲक्टिन आहे! मग जिथे बघावं तिथे ते सापडू लागलं. वनस्पतीत, अमीबात, आपल्या पांढऱ्या पेशींत. आणि सगळीकडे जवळजवळ सारखंच. ताडी आणि पाव फुगवणाऱ्या यीस्टचं ॲक्टिन आपल्या स्नायूतल्या ॲक्टिनशी सुमारे ८७ टक्के जुळतं. एवढी कोट्यवधी वर्षं गेली, दोर तोच.

दोर तोच, मग कामं इतकी वेगळी कशी? पांढरी पेशी सरपटत जाऊन जंतू गिळते, पोटरी सायकल मारते, आतड्याच्या पेशींवर बारीक केसांसारखी लव उभी राहते. उत्तर हे की दोराला कोण धरतंय त्यावर सगळं अवलंबून. १९७५ मध्ये अमेरिकेत हार्टविग आणि स्टॉसेल यांनी सशाच्या फुप्फुसातल्या भक्षक पेशींमधून एक मोठं प्रथिन काढलं. ते ॲक्टिनच्या दोरांना एकमेकांत गुंफून त्यांचं जाळं करत होतं. त्यांनी त्याला सरळ 'ॲक्टिन-बाइंडिंग प्रोटीन' म्हटलं, म्हणजे ॲक्टिनला बांधणारं प्रथिन. पुढे त्याचं नाव फिलामिन पडलं, आणि पहिलं नाव साऱ्या कुळाचं झालं.

आज या कुळात शंभरावर प्रथिनं माहीत आहेत. घरातल्या दोरीला जितकी कामं आणि जितक्या गाठी, तितके यांचे प्रकार. प्रोफिलिन ॲक्टिनचे सुटे मणी सांभाळतं आणि दोराच्या वाढत्या टोकाला पुरवतं. जेलसोलिन कॅल्शियम मिळताच दोर मधोमध कापतं आणि कापलेल्या टोकावर टोपी घालून बसतं. कोफिलिन जुने दोर उसवून मणी पुन्हा वापरात आणतं. आर्प २/३ नावाचा सात प्रथिनांचा गट चालू दोरावर फांदी फोडतो. आल्फा-ॲक्टिनिन दोर शेजारी-शेजारी बांधून त्यांची मोळी करतं. यांतल्या अनेकांची दोराला धरायची मूठ एकाच घडणीची आहे, जणू एकाच सुताराकडून बनवून घेतलेली. मुठीच्या पुढचा दांडा मात्र प्रत्येकाचा वेगळा. ही मूठसुद्धा लक्षात ठेवा.

*

१९८० च्या दशकात आजाराची गोष्ट आणि ॲक्टिनची गोष्ट एकमेकींना भेटल्या.

आजार मुलग्यांनाच होतो, म्हणजे दोष एक्स गुणसूत्रावर हे ठाऊक होतं. पण त्या लांबलचक गुणसूत्रावर नेमका कुठे? अमेरिकेत एका मुलाच्या एक्स गुणसूत्राचा एक तुकडाच गळालेला आढळला, आणि त्याला हा आजार होता. बॉस्टनच्या लुईस कंकेल यांनी ताडलं की, जे त्या मुलात नाही तेच आपल्याला हवंय. १९८६ मध्ये त्यांच्या गटाला त्या जनुकाचे तुकडे सापडले. १९८७ च्या डिसेंबरमध्ये एरिक हॉफमन, रॉबर्ट ब्राउन आणि कंकेल यांनी त्या जनुकाचं प्रथिन जाहीर केलं. निरोगी स्नायूत ते असतं, द्युशेनच्या मुलांत जवळजवळ नसतंच. आजाराच्या नावावरूनच त्याला नाव दिलं, डिस्ट्रॉफिन.

स्नायूतल्या एकूण प्रथिनांपैकी ते लाखात दोन भाग इतकंच. म्हणूनच सव्वाशे वर्षं कुणाला सापडलं नव्हतं. पण त्याचं जनुक माणसातल्या सगळ्यात मोठ्या जनुकांपैकी एक, सुमारे २२ लाख अक्षरांचं. १९८८ मध्ये त्याची संपूर्ण अक्षरमाला वाचून झाली. ३,६८५ अमिनो आम्लांची साखळी, आणि पहिल्या टोकाला ओळखीची तीच मूठ! आल्फा-ॲक्टिनिनला असते तशी, ॲक्टिन धरणारी. म्हणजे हेसुद्धा त्याच कुळातलं निघालं. मधला दांडा लांब, एकसारख्या २४ घड्यांचा. दुसरं टोक कशाला धरतं हे केव्हिन कँपबेल यांच्या आयोवातल्या गटानं १९९० नंतर दाखवलं. ते वेष्टणात रोवलेल्या प्रथिनांना धरतं, आणि ती प्रथिनं पेशीबाहेरच्या जाळीला.

हे समजायला मढीच्या यात्रेतलं पाल आठवा. पालाच्या कापडाला दोरी नुसती भोक पाडून बांधली तर वाऱ्याच्या एका झटक्यात कापड टरकतं. म्हणून जाणते लोक कोपऱ्याच्या कापडात एक खडा गुंडाळतात आणि दोरी त्या खड्यामागे आवळतात. मग ओढ एका भोकावर न येता कापडावर पसरते. डिस्ट्रॉफिन हा तो खडा. आत ॲक्टिनचे दोर, बाहेर वेष्टण, मध्ये हा. स्नायू दर वेळी आखडतो, सैलावतो, ताणला जातो, तेव्हा वेष्टणाला बसणारा हिसका तो पसरवून देतो. तो नसला तर बळ तयार होतंच, ॲक्टिन-मायोसिन ठीकच असतात. पण प्रत्येक हिसक्याला वेष्टण कुठेतरी टरकतं. आतलं सीपीके बाहेर गळतं, बाहेरचं कॅल्शियम आत घुसतं, धागा मरतो. लहान वयात शरीर डागडुजी करत राहतं, मग ती पुरी पडत नाही आणि जागा चरबी घेते. पोरगा पळतो तोच त्याचा स्नायू फाटतो. मेरियन यांचं फाटलेलं वेष्टण १३६ वर्षांनी असं खरं ठरलं.

याच घडणीनं आणखी एक कोडं सोडवलं. बेकर या नावानं ओळखला जाणारा याच आजाराचा सौम्य प्रकार असतो. त्यात जनुकाचा तुकडा गळालेला असतो, पण अशा बेतानं की पुढचा मजकूर बिघडत नाही. मधला दांडा आखूड होतो, दोन्ही टोकं शाबूत राहतात. १९९० मध्ये इंग्लंडच्या संशोधकांनी एका कुटुंबाची हकीकत छापली. त्यांच्या डिस्ट्रॉफिनचा ४६ टक्के भाग नव्हताच, तरी त्या घरातले एक गृहस्थ साठी ओलांडूनही चालत होते. आखूड दांडा चालतो, पण मूठ सुटलेली चालत नाही.

*

आता त्या वाक्याकडे येऊ. "आईकडून येतो."

मुलग्याला एक्स गुणसूत्र आईकडूनच मिळतं, वडील वाय देतात. त्यामुळे एक्सवरचा दोष आईच्या वाटेनं येतो हे खरं. पण वाट म्हणजे कारण नव्हे. आईकडे दोन एक्स असतात, एक बिघडलेलं असलं तरी दुसरं बहुतेक वेळा काम निभावतं, म्हणून तिला पत्ताही नसतो. तिच्याकडे तो बदल तिच्या आईकडून किंवा वडिलांकडून आलेला असू शकतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, साधारण तीनातल्या एका मुलात हा बदल अगदी नव्यानं झालेला असतो, आईच्या रक्तात तो नसतोच. २२ लाख अक्षरं उतरवून काढायची म्हटल्यावर कुठेतरी चूक होणारच. तिला पायगुण लागत नाही, ग्रहणही लागत नाही. म्हणूनच हा आजार जगातल्या सगळ्या जातीधर्मांत, जन्मणाऱ्या सुमारे साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला होतो.

हे शोधून काढायची सोय आता आपल्याकडेही आहे. मुंबईत रश्ना दस्तूर, प्रज्ञा गायतोंडे, स्नायूरोगांचे नावाजलेले न्यूरॉलॉजिस्ट सतीश खाडिलकर आणि अमेरिकेत काम करणाऱ्या माधुरी हेगडे यांच्या गटानं २०११ मध्ये पश्चिम भारतातल्या रुग्णांचा अभ्यास छापला. त्यात जनुकातले गळालेले आणि दुप्पट झालेले तुकडे तपासलेच, शिवाय घरातल्या बायका वाहक आहेत की नाहीत तेही तपासलं. मला हा लेख वाचताना भरून आलं. कारण इथे 'आई' हा शब्द आरोप म्हणून आला नव्हता, तपासायची गोष्ट म्हणून आला होता. त्याआधी लखनौच्या सुनील प्रधान यांनी याच मुलांच्या पाठीवर, हात वर उचलल्यावर फुगलेल्या दोन स्नायूंमध्ये दिसणारी घळ टिपली होती. 'व्हॅली साइन' म्हणून ती ओळखली जाते. ही खूण बघायला नुसते डोळे लागतात, यंत्र लागत नाही.

तपासणीबद्दल एक सूचना. आईच्या रक्तात बदल सापडला नाही तरी क्वचित तो तिच्या काही बीजपेशींत असू शकतो. म्हणून पुढच्या बाळंतपणाआधी जनुक-सल्लागाराशी बोलावं, नुसता कागद बघून निर्धास्त होऊ नये.

उपचारांचं खरं ते सांगते. आजार मुळातून बरा करणारं औषध अजून नाही. स्टेरॉइडनं चालणं दोन-तीन वर्षं लांबतं. व्यायामोपचार, हृदयाची आणि श्वासाची वेळेवर काळजी यांमुळे आता अनेक मुलं तिशीपर्यंत आणि पुढेही जगतात. आखूड दांड्याच्या त्या इंग्रज कुटुंबावरून सुचलेलं, दोन टोकं ठेवून मधलं कमी केलेलं सूक्ष्म-डिस्ट्रॉफिन देणारी जनुक-उपचारपद्धती अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झाली. किंमत सुमारे ३२ लाख डॉलर. २०२५ मध्ये ती घेतलेल्या, चालू न शकणाऱ्या दोन मुलांचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाला आणि तिच्यावर निर्बंध आले. त्यामुळे इंटरनेटवरच्या जाहिरातींना भुलू नका, कर्ज काढू नका. आपल्या देशात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मस्क्युलर डिस्ट्रॉफीचं नाव आहे. प्रमाणपत्र जरूर काढा. शाळेत, परीक्षेत, प्रवासात त्याचा उपयोग होतो.

हे सगळं आत्ता लिहायचं कारणही सांगते. मावशीच्या लेकीला, माझ्या मावसबहिणीला, दोन मुली आहेत. थोरलीचं लग्नाचं बोलणं चालू झालं तेव्हा कुजबुज पुन्हा सुरू झाली, "त्यांच्यात तो आजार आहे." दोघी मायलेकींनी पुण्याला जाऊन तपासणी करून घेतली. निकाल काय आला तो त्यांचा, मी इथे लिहिणार नाही. तपासणी करून घेतली एवढं लिहायची परवानगी मात्र तिनंच दिली, "लिही, म्हणजे बाकीच्या पोरी घाबरायच्या नाहीत" म्हणून. मावशी वाहक होती की नव्हती हे आता कधीच कळणार नाही. खरं सांगायचं तर ते कळायची गरजही नाही. होती तरी तो तिचा गुन्हा नव्हता, नव्हती तरी नव्हता. नाकाचा शेंडा किंवा कुरळे केस आईकडून आले तर आपण आईला बोल लावत नाही.

नात्यातल्या मंडळींना एवढीच विनंती. पुन्हा कुणाच्या तोंडून 'आईकडून येतो' ऐकलंत, तर पुढचं अर्धं वाक्यही सांगा. आणि घरात तीन-चार वर्षांचा मुलगा उशिरा चालायला लागला असेल, जिन्यावर अडखळत असेल, तर सीपीकेची साधी रक्ततपासणी करून घ्या. यांच्या रक्तात एसजीपीटीही वाढलेलं असतं, त्यामुळे कधी कधी लिव्हरचाच आजार समजून महिनोन् महिने वाया जातात.

पोरांच्या पोटऱ्यांचं कौतुक खुशाल करा. फक्त ते जमिनीवरून उठतं कसं, तेही एकदा बघा.